बिल्ल्याशिवाय सामान

स्वतःच्या स्मरणशक्तीबद्दल स्वतःच बोलणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण दुसरं कोणी बोलत नाही, मग मी काय करू!

मी एका नाट्यगृहात सामानाच्या खिडकीवर असतो. नाटकाला आलेली मंडळी छत्र्या, रेनकोट, हेल्मेटं, पिशव्या माझ्याकडे ठेवतात. मी त्यांना पितळी बिल्ला देतो. नाटक सुटलं की बिल्ला इकडे, सामान तिकडे. आता यात बुद्धीचं काम ते काय? पण लोक बिल्ले हरवतात, खिशात घालून घरी नेतात. एका बाईंनी तर कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता! शेवटी मॅनेजर वैतागले.

"यापुढे एकही नवा बिल्ला करायचा नाही. ही खिडकीच बंद करून टाकू या!"

खिडकी बंद म्हणजे मीही बंद! मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, बिल्ले हवेत कशाला? मी आहे ना!"

"सगळ्यांचं सामान लक्षात ठेवणार?"

"डोळे मिटून!"

युक्ती मी रेडिओवरच्या एका व्याख्यानात ऐकली होती. माणसाला नुसती गोष्ट लक्षात राहत नाही, पण जागा पक्की राहते. म्हणून जे लक्षात ठेवायचं ते मनातल्या मनात आपल्या घरात नेऊन ठेवायचं. आणि चारचौघांसारखं ठेवायचं नाही, काहीतरी अचाट करून ठेवायचं. म्हणजे मग विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

झालं! लांब दांड्याच्या छत्रीवाल्या गृहस्थांना मी आमच्या फ्रिजवर बसवलं, पाय खाली सोडून, छत्री उघडून. लाल हेल्मेटवाल्यांना वॉशिंग मशीनमध्ये कोंबलं. निथळता रेनकोट घातलेल्या बाईंना आमच्या पलंगावर आडवं केलं. नाटक सुटलं की मी डोळे मिटून घरातून एक फेरी मारायचो आणि ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या हातात द्यायचो. पहिल्या खेळाला लोकांनी नाटकाला वाजवल्या नसतील एवढ्या टाळ्या मला वाजवल्या!

घरात फक्त एक जागा मी वापरत नव्हतो. खिडकीजवळची आरामखुर्ची. ती बाबांची. बाबा मागच्या वर्षी गेले. मी कामावर निघायच्या आधी आई रोज दुपारी म्हणायची, "एकदा बोल रे त्यांच्यासारखं." मग मी घसा खाकरून बाबांच्या आवाजात ओरडायचो, "पंखा चालू ठेवून गेलात! वीज काय फुकट येते?" आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. "हुबेहूब!" म्हणायची. त्यानंतर तिचा उरलेला दिवस बरा जायचा.

गडबड पुढेच आहे. लोक सामान घेऊन आपापल्या घरी गेले, पण आमच्या घरातून जाईनात!

एक दिवस बायकोने विचारलं, "अहो, फ्रिज उघडताना एवढं वाकता काय?"

"त्यांचे पाय लागतात डोक्याला."

"कोणाचे?"

आता काय सांगणार! सोफ्यावर बसायचं तर आधी कोणाच्या तरी मांडीवर बसू की काय, अशी धास्ती. पलंगावर माझी बाजू ओली लागायची. बायको हात फिरवून म्हणायची कोरडी आहे, पण मी कडेला अंग चोरूनच झोपायचो. रोजच्या खेळाची नवी माणसं, त्यात कालची, परवाची. कपाटावर माणसं, शिडीवर माणसं, मोरीत उकिडवे बसलेले एक डॉक्टर!

सुरुवातीला ती सगळी समोर बघत गप्प बसायची. मला वाटलं, बसेनात बापडी. मग एके सकाळी जेवताना मी मान वर केली, तर सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. एकूणएक. पडदा वर जायच्या आधी प्रेक्षक बसतात ना, तशी. मला शिंक आली तर कपाटावरून कोणीतरी "शूऽऽ!" केलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. लोक बघतायत."

तिकडे खिडकीवर तर आनंदीआनंद! आज सोफ्यावर बसवलेला माणूस कोणता आणि गेल्या आठवड्यातला कोणता, तेच कळेना. सगळे सारखेच टक लावून बघतात! एका काडीसारख्या बाईंच्या हातात मी तंबूएवढा रेनकोट ठेवला. एका मिशाळ गृहस्थांना बाळाची दुधाची बाटली दिली. ते बाटली घेऊन घरी गेलेसुद्धा, बाळाच्या आईने आकांत केला तेव्हा कळलं!

"आणखी एक चूक," मॅनेजर म्हणाले, "की खिडकी बंद!"

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती मुळीच हसली नाही. थोडा वेळ फ्रिजच्या वर बघत राहिली आणि म्हणाली, "तरीच हल्ली घरात मोकळं वाटत नाही. अहो, त्यात काय एवढं? पाहुणे हलत नसले तर आपण काय करतो? दार उघडतो आणि 'बरं मग, या' म्हणतो. तुम्ही त्यांना सामान दिलंत, पण या म्हणालात का?"

खरंच की! म्हणालोच नव्हतो!

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने दार सताड उघडलं आणि मी कामाला लागलो. "उतरा, साहेब. ही घ्या छत्री. बरं मग, या!" "बाई, उठा. या!" हेल्मेटवाल्यांना मशीनमधून ओढून काढताना मला घाम फुटला. शेजारचे काका दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते, ते मध्येच थांबले.

"कोण येतंय?"

"येत नाहीत, जातायत! जरा भिंतीला टेकून उभे राहा, हे अंगाने मोठे आहेत."

काका निमूटपणे भिंतीला टेकले. बराच वेळ तसेच उभे होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "एवढे सगळे मावले कसे हो तुमच्याकडे?" त्यांनी थट्टा केली असावी असं मी धरून चाललो.

घर रिकामं होत आलं. मला जोर चढला. खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ पाठमोरे बसलेले दिसले.

"काका, संपलं नाटक. तुमचं काय ठेवलं होतं?"

त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "माझं काही नाही रे ठेवलेलं."

"मग या तर!"

ते सावकाश उठले. चपला शोधून पायात घातल्या, जाता जाता पंखा बंद केला आणि जिना उतरून गेले. किती समजूतदार माणूस, मी मनात म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दुपारी आई खुर्ची ओढून समोर बसली. "बोल रे एकदा."

मी घसा खाकरला. तोंड उघडलं. आवाज आला तो मॅनेजरांचा! आई हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतोय. पुन्हा प्रयत्न केला, तर रेडिओवरचा बातम्या सांगणारा. मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत एक गृहस्थ होते. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते, पण कुठे?

"आई, मला येत नाहीये. बाबा आठवतच नाहीयेत!"

आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते कसं गेलं हे मला सांगता येणार नाही. बायकोने विचारलं, "तुम्ही सकाळी शेवटी कोणाला घालवलंत?"

"खिडकीजवळ एक म्हातारे होते. 'काका, या' म्हटलं, तर बिचारे पंखासुद्धा बंद करून गेले."

बायकोने रिकाम्या आरामखुर्चीकडे बोट दाखवलं.

"तू त्यांना घराबाहेर काढलंस?" आई उठून उभी राहिली. "आणि वर काका म्हणालास?"

"मुद्दाम नाही गं केलं!" मला रडूच फुटलं. एवढा बाप्या, पण लहान पोरासारखा हुंदके देत होतो.

"गप! रडून काय होणार आहे? असतील इथेच कुठेतरी. त्यांना हाक मारल्याशिवाय ते कधी जागचे हलले होते का?" आई तरातरा गेली आणि तिने दार उघडलं. जन्मभर जशी मारली तशीच हाक मारली, "अहो! ऐकलंत का?"

जिना शांत होता. शेजारच्यांचं दार किंचित उघडलं आणि लगेच मिटलं.

"अहोऽऽ! ऐकलंत का?"

काही नाही. आईने पदर खोचला, कठडा धरला आणि ताट वाढून गार होत असलं की लावायची तो सूर लावला, "अहोऽऽऽ! मी किती वेळ बोलावतेय!"

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग शब्द आले.

"आलो, आलो! किती ओरडशील? चढू तरी देशील की नाही?"

तोच आवाज! आणि त्या आवाजाबरोबर बाबा अख्खेच्या अख्खे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. कानावरचे केस, एका बाजूला कललेला चष्मा, चिडले की थरथरणारी हनुवटी, सगळं! फोटोकडे पाहिलं, तर फोटोतही तेच. मला हायसं वाटलं, इतकं हायसं की जमिनीवरच बसलो.

आई डोळे पुसत आत आली आणि तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "जमलं रे बाबा! हुबेहूब! आणि जिना चढून धाप लागल्यासारखी केलीस ना, ते तर फारच छान."

मी नुसती मान हलवली. बायको माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. तुम्हाला म्हणून सांगतो, आईला कळू देऊ नका. रडता रडता मी टेबलावरची बिस्किटं एकदम तोंडात कोंबली होती, आणि आई हाका मारत होती तेवढा सगळा वेळ मला हूं की चूं करता येत नव्हतं!