माडावरची वाकडी बरगडी

"यंदा आपली ट्राम बघितली ना, की लालबागवाले स्वतःच्या मंडपातले दिवे स्वतःच्या हातांनी मालवतील!" कुशाबाने अण्णांना छाती ठोकून सांगितलं. अण्णा म्हणजे काळाचौकीतल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. ते कुणावरही विश्वास ठेवायचे, म्हणून तर दर वर्षी अध्यक्ष व्हायचे!

देखाव्यातली ही ट्राम हातभर लांब, दोन मजली. कपाळावर पाटी, 'काळाचौकी ते संयुक्त महाराष्ट्र'. आत मातीचे गिरणी कामगार, शेतकरी, कोळणी, आणि पोटात विजेचा दिवा. तिच्यापायी कुशाबाच्या खोलीत एक वस्तू जागेवर उरली नव्हती. चाकं म्हणजे बायकोच्या, रखमाच्या डब्यांची झाकणं. कंदील म्हणजे त्याच्याच सदऱ्याची बटणं. ड्रायव्हरपुढचं हँडल म्हणजे खाटेखाली झाडताना सापडलेली कुठलीशी गंजकी चावी. तिला पितळी रंग देऊन त्याने अशी बसवली होती, की ट्राम मोडेल पण हँडल निघणार नाही.

खरी कला मात्र खिडक्यांत. परळच्या एका इस्पितळातला वॉर्डबॉय राजाराम त्याचा दोस्त. तो टाकाऊ एक्स-रेच्या फिल्म खाकी पाकिटांतून आणून द्यायचा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा, फिल्म बुडवायची, फडक्याने घासायची. काळपटपणा निघून गेला की हातात काचेसारखं प्लास्टिक! मग पोस्टाच्या तिकिटांच्या कडेची गोंदवाली पट्टी चिकटवायची, तीन केसांच्या ब्रशने चौकट रंगवायची आणि रंग पुरता सुकायच्या आत पट्टी अलगद सोलायची. शेवटी पातळ व्हार्निशचा एकच हात. दुसरा मारला की खिडकी दुधाळ झालीच म्हणून समजा!

"हे शास्त्र आहे," कुशाबा म्हणायचा.

"हा पसारा आहे," रखमा म्हणायची.

त्यात घरात सासरे. रखमाचे वडील बुधाजी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने कोकणातून आले होते, म्हणजे बोटी पुन्हा सुरू होईपर्यंत मुक्काम पक्का! लेकीसाठी सुक्या बांगड्यांची पेटी आणली होती, पण तिची चावी म्हणे बोटीतच हरवली. कुलूप फोडू देईनात, कारण ते त्यांच्या वडिलांच्या हातचं. पेटी खाटेखाली बसून होती आणि आपण आहोत हे सगळ्या चाळीला कळवत होती.

मध्यंतरी त्यांना खोकला झाला म्हणून इस्पितळात छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले ठणठणीत. बुधाजींना त्याचं काही नाही. त्यांना भलतीच अपूर्वाई!

"माझो जल्माचो पयलो फोटो!" फिल्म उजेडात धरून ते दिसेल त्याला दाखवत. "ही वाकडी बरगडी बघा. माडावरसून पडलंय, त्याची खूण!" गावी नेऊन, काच लावून ती ओटीवर टांगायची होती.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्याच्या खिडक्या उरल्या. कुशाबाने माळ्यावरचं खाकी पाकीट ओढलं, फिल्म सोड्यात टाकली आणि नेमका नळ गेला! बरगड्या पुसट राहिल्या. 'कोण बघतंय!' म्हणत त्याने कापल्या, रंगवल्या, व्हार्निश मारलं आणि ट्राम मंडपात पोचवली.

संध्याकाळी बुधाजी म्हणाले, "जावयबापू, माझा पाकीट काढा. राधाबाईंका फोटो दाखवचो आसा."

माळ्यावर एकच पाकीट उरलं होतं. कुशाबाने हळूच आत बघितलं. सगळ्या बरगड्या सरळ! वाकडी बरगडी मंडपात पोचली होती! त्याने मुकाट्याने पाकीट सासऱ्यांच्या हाती दिलं.

बुधाजींनी फिल्म दिव्यासमोर धरली. वाकडी बरगडी शोधणार, एवढ्यात शेजारच्या राधाबाई किंचाळल्या, "अगो बाई, पोटात चावी!"

खरंच, बरगड्यांच्या मधोमध पांढरीशुभ्र चावी! कुणीतरी पेशंट गळ्यातल्या दोऱ्याला चावी बांधून एक्स-रेला उभा राहिला असणार. कुशाबाला तेवढं कळलं.

"माझी चावी!" बुधाजी खालीच बसले. "बोटीत धोतर सावरताना दातांत धरलेली. लाट इली आणि गिळलंय!"

"पण बाबा, आधी फोटोत नव्हती!" रखमा म्हणाली.

"तेव्हा पाठीमागे असेल," राधाबाईंनी निकाल दिला. "आता पुढे सरकली."

चाळीला पटलं! कुणी केळी आणली, कुणी एरंडेल. कुशाबा खरं सांगायला तोंड उघडायचा, की राधाबाई "घ्या, तुम्हीपण खा" म्हणत त्यात केळं कोंबायच्या. बुधाजी खाऊन खाऊन दमले, चावी काही येईना. शेवटी ठरलं, उद्या आरती झाली की थेट इस्पितळ. पोट फाडायचं!

बुधाजींनी फिल्म जपून पाकिटात घातली. मग रखमाला म्हणाले, "माका कायव झाला तर ह्यो फोटो ओटीवर लाव गो." तिने डोळ्यांना पदर लावला. कुशाबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांचा एकुलता एक फोटो कापून ट्रामला लावला, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? पण पोटावर सुरी फिरायच्या आत सांगायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. कुशाबा धीर गोळा करतोय, तोच अण्णांनी बटण दाबलं.

"संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" मंडप दणाणला आणि एकदम चिडीचूप झाला. ट्राम उजळली होती आणि वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसाच्या बरगड्या!

"वा! उपाशी कामगाराच्या बरगड्या! काय कल्पना!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"माझीच!" अण्णा म्हणाले.

"तुमची खंयची? माझी ती!" बुधाजी गर्दीत घुसले. "ही बघा वाकडी, माडावरची! आणि चावी खंय आसा? नायच!"

कुशाबाने त्यांचे पाय धरले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. रखमाचा चेहरा बघून त्याला वाटलं, आता पोट आपलंच फाटतंय. बुधाजी मात्र खिडक्यांकडेच बघत होते.

"गावात ओटीवर चार माणसां बघतली असती," ते हळूच म्हणाले. "हंय अख्खी मुंबय बघता माका!"

कुशाबाचा जीव भांड्यात पडला! पण बुधाजी आता ट्रामच्या ड्रायव्हरकडे बघत होते. त्यांनी हँडलवर नख मारलं. पितळी रंगाखालून गंज निघाला.

"जावयबापू, ही माझी चावी हंय खंयसून इली?"

"अहो!" रखमा एवढंच म्हणाली. पण कसं म्हणाली!

चावी तसूभर हलेना. ट्राम विसर्जनापर्यंत हलवायची नाही, असं अण्णांनी बजावलं. "मग पेटीच इथे आणते," रखमा म्हणाली. अण्णांनी कुशाबाच्या सदऱ्याचा वास घेतला आणि बाप्पासमोर हात जोडले. "वहिनी, ती पेटी मंडपाच्या वाऱ्याला आणायची नाही!"

झालं! अनंत चतुर्दशीपर्यंत पेटी खाटेखालीच, आणि खाटेवर कुशाबा.

लालबागवाले देखावा बघायला आले ते उत्सव भरात आल्यावर. दिवे काही कुणी मालवले नाहीत, पण ट्रामभोवती बराच वेळ रेंगाळले. कुशाबा कॉलर ताठ करून शेजारीच उभा होता.

"खिडक्या झकास हां!" त्यातला एक म्हणाला. मग नाक आक्रसून त्याने इकडेतिकडे बघितलं. "पण काय रे, गणपतीच्या मंडपात सुका बांगडा कोण घेऊन आलंय?"

कुशाबा ट्रामपासून हळूच लांब सरकला आणि त्यांच्याबरोबर तोही बांगडा शोधू लागला.