मामांच्या भातात मी काय घातलं

मामांना गोळी चालत नाही, पण भात चालतो, एवढ्या एका विचारावर मी आमच्या घराची घडी विस्कटायला घेतली.

मामा म्हणजे माझे सासरे, रंभाजी. अकोले तालुक्यात डोंगरउतारावर आमची भाताची खाचरं आहेत. मामांचं रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मामांनी त्या देवळीत ठेवल्या आणि म्हणाले, "माझ्या बानं जल्मात गोळी खाल्ली न्हाई." (ते झाडावरून पडून गेले. म्हणजे मुद्दा तसा खरा.)

मी काळजी करणारी बाई आहे. माझी लेक ज्ञानेश्वरी शिंकली, की मी मोबाईलवर शोधते आणि दुपारपर्यंत तिला दोन-तीन असाध्य रोग झालेले असतात. नवरा प्रशांत नगरच्या एमआयडीसीत, रविवारी येतो. तोवर घरादाराची काळजी मी एकटीच करून ठेवते. त्याच मोबाईलवर मला चिनी लाल भात सापडला. तांदूळ एका खास बुरशीनं आंबवायचा, वाळवायचा, दळायचा. चीनमधले लोक पिढ्यान् पिढ्या खातात, कोलेस्टेरॉल उतरतं, आणि शंभर टक्के नैसर्गिक. (मी बी.एस्सी. आहे, विषय केमिस्ट्री. कुणी टोमणा मारण्याआधी मीच सांगून टाकते.)

पुडी आली. मामांच्या भातात रोज एक चमचा लाल पूड पडू लागली.

"भात लाल का गं?"

"बीट घातलंय, मामा."

मामांनी घास जिभेवर घोळवला. नुसत्या वासावरून भाताचं वाण सांगणारा माणूस. माझा जीव टांगणीला. पण ते काही न बोलता जेवून उठले.

लावणी तोंडावर आली आणि मामांचे पाय आखडले. मांड्या ठणकायच्या, ओट्यावरून उठताना भिंत लागायची. ज्ञानेश्वरी रोज त्यांच्या खांद्यावर बसून अंगणवाडीत जायची. एका सकाळी ती हात वर करून उभी राहिली, तर मामा तिच्याकडे न बघता म्हणाले, "आज चालत जाऊ, बाय."

शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, "वय झालं. आता बसायचे दिवस."

मी घरात जाऊन पुडीच्या मागची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. स्नायू दुखल्यास वापर थांबवावा. पुडी उकिरड्यात पुरली, पण जे मामांच्या पोटात गेलं ते कुठे पुरणार? बसायचे दिवस मीच आणले होते, चमच्याचमच्यानं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचा धीर होईना. त्याही हल्ली माझी नजर चुकवत होत्या. मला वाटलं, यांना कळलंय.

शेवटी जीप करून मामा, आत्या आणि मी अकोल्याला गेलो.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकबी घेतली न्हाई," मामा अभिमानानं म्हणाले.

"मग दुसरं काही? काढा, चूर्ण?"

मी खाली बघत सांगितलं. डॉक्टरांनी पेन ठेवलं.

"ताई, त्या लाल भातात जे असतं ते या गोळीचंच भावंड. भातातून औषधच दिलंत तुम्ही. शिक्षण काय तुमचं?"

"बी.एस्सी."

"विषय?"

"मराठीपण होतं," मी म्हणाले.

"तरी, चमचाभर भातानं एवढं..." डॉक्टर कपाळाला आठ्या घालून रिपोर्ट चाळू लागले. तेवढ्यात मागून आत्यांचा बारीक आवाज आला.

"आमटीत हुती."

"काय?"

"गोळी. हे घेत न्हाईत, म्हनून ह्यांच्या वाटीत कुटून घालत हुते. रोज."

एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींकडे पाठ करून, आम्ही दोघी एकाच माणसाला एकच औषध घालत होतो. मग मामा सावकाश बोलले.

"आमटी कडू लागत हुती. वाटलं, हिचं आता ध्यान राहत न्हाई. अन् भात आंबलेला हुता. पन पोर लेकरामागं दमती, कशाला बोलायचं. म्हनून खाल्लं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी सगळं बंद केलं, पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. निघताना म्हणाले, "आजोबा, यापुढं कुणाचं मन राखून जेवायचं नाही. चव वेगळी लागली की तिथल्या तिथं बोलायचं."

त्या पावसात मामांनी लावणी बांधावर बसून पाहिली. मी चिखलात रोपं लावत होते आणि दर ओळीनंतर मान वर करून बघत होते, ते उठताना कशाला धरतात.

पाय हळूहळू सुधारले. आता मामा डॉक्टरांनी बदलून दिलेली गोळी स्वतःच्या हातानं घेतात, आमच्या दोघींकडे बघत, पाणीसुद्धा स्वतः ओतून. ज्ञानेश्वरी पुन्हा खांद्यावर गेली आहे. आणि डॉक्टरांचा सल्ला मामा अक्षरशः पाळतात.

काल पिठलं वाढलं. पहिल्याच घासाला ते थांबले.

"ह्यात काय घातलंस?"

"काही नाही, मामा. बेसन, मिरची, मीठ."

"दुसरं काय न्हाई?"

"ज्ञानेश्वरीची शपथ. लग्न झाल्यापासून मी असंच करते."

"व्हय, लग्नापासनं असंच लागतंय," मामांनी ताट हळूच पुढं सरकवलं. "मला वाटलं, तवापासनं औषध घालतीस."