तिसरा पाय जपानी ओकचा

चार वाजता साहेब येणार होते आणि साडेतीनला जावईबापूंना कपाटात बाटल्या सापडेनात. तीन छोट्या बाटल्या. टॉवेलांच्या मागे, स्वतःच्या हातांनी ठेवलेल्या. त्यांनी टॉवेल काढले, चादरी काढल्या, शेवटी फळीवर अंथरलेला कागदही उचलून पाहिला. बाटल्या काही कागदाखाली जाऊन बसत नाहीत, पण घाबरलेला माणूस कुठेही शोधतो.

बाटल्या साहेबांच्या होत्या. आत जपानी व्हिस्की होती. तिन्ही पंचवीस वर्षं मुरलेल्या, पण वेगवेगळ्या लाकडाच्या पिंपांत. "घरात एक तर ह्या बाटल्या राहतील, नाहीतर मी," असा निकाल बाईसाहेबांनी दिल्यामुळे साहेबांनी त्या जावईबापूंकडे सांभाळायला दिल्या होत्या. शनिवारी तिन्हींची तुलना करायची असं ठरलं होतं. तुलना म्हणजे साहेब बोलणार आणि जावईबापू "वा!" म्हणणार. आणि सोमवारी साहेब नव्या खातेप्रमुखाच्या नेमणुकीच्या कागदावर सही करणार. त्या खुर्चीसाठी जावईबापू गेली सात वर्षं "वा!" म्हणत आले होते.

"अगं, कपाटातल्या तीन बाटल्या कुठायत?" ते ओरडले.

"त्या पॉलिशच्या? बाबांना दिल्या," बायको आतून म्हणाली.

"पॉलिशच्या?" जावईबापू किंचाळले.

"मग? चिठ्ठ्या होत्या की वर!"

होत्या खऱ्या. साहेबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'शेरी ओक – २५', 'अमेरिकन ओक – २५', 'जपानी ओक – २५'. आता सुताराच्या घरात वाढलेल्या बाईला ओक म्हटल्यावर लाकडाशिवाय दुसरं काय आठवणार? जेवणाच्या टेबलाला पॉलिश करतो, करतो म्हणून नवऱ्याने दोन महिने घालवले होते. अखेर त्याला जाग आली आणि त्याने छटांचे नमुने आणले, याचं तिला सकाळपासून कौतुक वाटत होतं. बाबा चार दिवस राहायला आलेलेच होते.

जावईबापू धावत जेवणाच्या खोलीत गेले. सासरे फरशीवर मांडी घालून बसले होते. हातात कापसाचा बोळा, बाजूला तीन रिकाम्या बाटल्या. टेबलाचे तीन पाय ओले चकचकीत होते.

"जावईबापू, कुठल्या चोराकडून आणलंत हे?" सासरे तडकलेच. "पॉलिशची लाख घालून बघितली, तर विरघळायचं नाव नाही! स्पिरिटमध्ये निम्म्याच्या वर पाणी घातलंय मेल्याने. शेवटी तसंच फासलं."

"बाबा, ते पॉलिश नाहीये हो!"

"मी तरी तेच म्हणतोय. याला पॉलिश म्हणतात का?"

तेवढ्यात बेल वाजली. साहेब दहा मिनिटं आधीच आले होते. हातात पिशवी, पिशवीत नळीच्या आकाराचे तीन पेले आणि एक वही. दारातच त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"ओतून ठेवल्यात वाटतं? छान केलंत. हवा लागू द्यावी जरा."

"लागतेय, साहेब," जावईबापू कसेबसे म्हणाले.

साहेब वासाच्या मागोमाग आत गेले आणि बाटल्या पाहून जागीच थिजले. मग जावईबापूंना झाला प्रकार त्यांच्या कानात सांगावा लागला. ऐकताना त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"पंचवीस वर्षं मुरलेली! आणि तुम्ही ती टेबलाला पाजलीत?"

"पाजली कसली, एक हात तर दिलाय," सासरे म्हणाले. पॉलिश नावडल्यामुळे गिऱ्हाईक चिडलंय, असाच त्यांचा समज झाला होता. "असं उभ्या उभ्या नाही कळायचं. खाली बसून बघा."

साहेब खरोखरच खाली बसले. रागावलेले असले तरी ते हाडाचे दर्दी होते. त्यांनी पहिल्या पायाला नाक लावलं. "मनुका. सुकं अंजीर."

"गोडसर आहे खरं," सासरे शेजारी सरकत म्हणाले.

"दुसरा... व्हॅनिला. आणि हा तिसरा! इथे चंदन येतं बघा. जपानी ओकशिवाय ते कुठेही मिळत नाही."

सासऱ्यांनी तिसरा पाय हुंगला, दुसरा हुंगला, पुन्हा तिसरा हुंगला. "दोन नंबर आणि तीन नंबर एकच माल आहे. फसवलं तुम्हाला कोणीतरी."

"शक्यच नाही!"

"चाळीस वर्षं लाकूड हुंगतोय मी. चंदन काय मला माहीत नाही?"

साहेबांच्या मानेची शीर उडायला लागली. या चंदनाविषयी त्यांनी सहा महिने अख्ख्या ऑफिसला व्याख्यानं दिली होती. ते गर्रकन जावईबापूंकडे वळले. "तुम्ही सांगा! चंदन येतंय की नाही?"

"हां, सांगा. कोणाला भिऊ नका," सासरे म्हणाले.

जावईबापू गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली शिरले. बायकोही काय चाललंय ते बघायला ओणवी झाली. जावईबापूंनी दुसरा पाय हुंगला, मग तिसरा. वास एकच होता, अगदी डोळे मिटून सांगावा इतका एकच. पण चंदन नाही म्हणावं, तर सात वर्षांची खुर्ची गेली. आहे म्हणावं, तर सासऱ्यांच्या चाळीस वर्षांवर त्यांच्या लेकीसमोर बोळा फिरला. त्यांनी उगाच आणखी एकदा हुंगलं. बाहेर तिघे वाट बघत होते.

"साहेब," ते टेबलाखालून म्हणाले, "मला सर्दी झालीय."

साहेब उठले, पँटचे गुडघे झटकले आणि वाकून टेबलाखाली डोकावले.

"सकाळी फोनवर तर नव्हती."

"आत्ताच झाली, साहेब."

साहेबांनी पेले एकेक करून पिशवीत भरले. "खातेप्रमुखाला," ते म्हणाले, "अशीच वेळेवर सर्दी होता आली पाहिजे. सोमवारी अकराला केबिनमध्ये या, कागद तयार असेल."