तात्यांनी काढलेली गाणी

तात्या यादवांकडे दहा गाण्यांची कॅसेट दिली की परत येताना तिच्यात सहा किंवा सात गाणी असत. उरलेल्या जागी तात्यांच्या घरातले आवाज असत. कुकरची शिट्टी, खोकला, खुर्ची सरकवल्याची करकर, आणि एकदा तर दूधवाल्याशी झालेलं अख्खं भांडण.

यात लपवाछपवी काही नव्हती. नव्वदच्या पुढची ती वर्षं. सिनेमातली गाणी अशी काही सुटली होती की सासऱ्यासमोर सुनेनं टेप लावायची सोय राहिली नव्हती. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलनीत कुणी नवी कॅसेट आणली की घरात वाजण्याआधी ती तात्यांकडे तपासणीला जाई. हे काम त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. फौजेतून आलेला माणूस ड्यूटी लागल्याशिवाय जगत नाही, म्हणून त्यांनी ती स्वतःच लावून घेतली होती.

तात्या मूळचे कडेगावकडचे. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेस सेटवर, हवालदार होते. बायको लवकर गेली. पेन्शनीत आल्यावर एकुलत्या एका लेकीच्या, सुशीलाच्या, कॉलेजसाठी त्यांनी सांगलीत दोन खोल्या घेतल्या. सुशीला शिकली, लग्न होऊन फलटणला गेली, आणि तात्या त्या दोन खोल्यांत मागे राहिले. गावाकडे भाऊ होता, ऊस होता. "जाऊन काय करू? उसासंगं बोलत बसू व्हय?" असं विचारत. मी वाईचा, पाटबंधारे खात्यात कारकून, आई आणि बायकोसह त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. कारकून असूनही मला ते 'सायेब' म्हणत, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला हा माणूस पसंत होता.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. टेपसमोर चार खुर्च्या ओळीनं मांडत. "ही म्हातारी. ह्यो तिचा ल्योक. ही सून. आनि ही साळंत जानारी नात." मग टेप चालू. तात्या कान गाण्याला आणि डोळे खुर्च्यांना लावून बसत. मध्येच कुजबुजत, "म्हातारीनं पदर तोंडाला लावला, बगा." मला रिकामी खुर्ची दिसे. तात्यांना पदराचे काठही दिसत असावेत. "सून उठली. चालली सैपाकघरात. बास! गानं फॉल आऊट!" की लगेच कॅसेट गाण्याच्या सुरुवातीला नेऊन, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून, त्या गाण्यावर खोलीतले आवाज भरले जात.

एकदा मी विचारलं, "तात्या, माइक बंद करून जागा कोरी का नाही ठेवत?"

"आवं सायेब, सेटवर कायच ऐकू आलं न्हाई की वाटतंय, पलीकडचा गेला. कुकर वाजला की कळतंय, कुनीतरी हाय."

मी चहा प्यालो.

त्यांचे नियम त्यांचेच होते. गाण्यात पाऊस आणि साडी दोन्ही आली की निकाल पुढचं न ऐकताच लागे. मात्र जुन्या लावण्या सगळ्या पास. "लावनी तोंडावर बोलती. ही नवी गानी आडून बोलत्यात. आडून बोलनारा मानूस मला चालत न्हाई." सिनेमाच्या चालीवर बसवलेली भक्तिगीतं मात्र साफ बाद. आईनं आणलेली गणपतीची एक कॅसेट त्यांनी जवळजवळ पुसूनच परत केली. आई चिडली. तेव्हा म्हणाले, "आक्का, सबूद देवाचं, खरं हाय. पन चाल कानावर पडली की तुमी हात जोडनार आनि नात कंबर हलवनार. एकाच घरात दोन दोन कारभार!"

एका गणेशोत्सवात मंडळानं हौसेनं तात्यांची पास झालेली कॅसेट लाउडस्पीकरवर लावली. तिसऱ्या गाण्याच्या जागी अख्ख्या गल्लीनं पाच मिनिटं तात्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या. कोपऱ्यावरच्या बाईंनी घाबरून स्वतःचा गॅस बंद केला. मग स्पीकरवरून तात्यांचा आवाज घुमला, "डाळ जास्तच झाली गड्या. खानार कोन?" गल्ली हसली. मीही हसलो, आणि त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

कारण त्याच सुमारास आईला फलटणची हकिकत कळली. तिनं ती तात्यांकडून लिंबाच्या लोणच्याची बरणी देता देता काढून घेतली. नातीचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका, ओट्यावर पाव्हणे. साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या जावयानं नवा कोरा टेप आणला होता. त्यावर त्यानं हौसेनं एक गाणं लावलं. गाण्याचे शब्द तात्या उच्चारत नसत, फक्त 'ते डाळिंबाचं' म्हणत. त्यानंतर त्यांनी बाजारात डाळिंबही घेतलं नाही. तर ते डाळिंबाचं सुरू झालं, आणि तात्यांनी भरल्या बारशात उठून वायर उपसली. व्याह्याच्या घरात, व्याह्यासमोर विचारलं, "हे घर हाय का तमाशाचा तंबू?"

जावई म्हणाला, "पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकू नका."

त्याला चार वर्षं झाली होती. सुशीलाचं वर्षाला एक पत्र येई, दोन ओळींचं. नातीला तात्यांनी पाळण्यात पाहिलं तेवढंच. "माजं काय चुकलं, सांगा," असं ते आईला विचारत, आणि उत्तर ऐकायला थांबत नसत. असल्या प्रकरणानंतर दुसरा कुणी मवाळ झाला असता. तात्या आणखी कडक झाले. कॉलनीतल्या प्रत्येक घरात चार माणसं एकत्र बसून गाणी ऐकतील, याची जबाबदारी जणू त्यांच्या एकट्यावर होती.

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका जमतील, मागे जरा गाणी असावीत म्हणून आईनं आठ दिवस आधी एक कॅसेट तात्यांकडे दिली होती. तात्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून वेळेवर आणून दिली. पंधरा-वीस बायका बसल्या. वाणाच्या वाट्या पुढे झाल्या. बायकोनं कॅसेट लावली, आणि पहिल्याच ओळीला डाळिंब आलं!

अत्तरदाणी घेतलेला आईचा हात तिथंच थांबला. बायकोनं झेप घेऊन टेप बंद केला. कुलकर्णी काकू पदराआड हसत म्हणाल्या, "तात्यांच्या कात्रीची धार गेली वाटतं!" बाकीचा समारंभ गाण्यांशिवाय पार पडला. खरं सांगायचं तर बायकांना तोच जास्त आवडला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आई टेपजवळ तिळाचे लाडू डब्यात भरत बसली आणि म्हणाली, "लाव ती पुढं."

"आई, अगं ती गाणी..."

"तपासायला नको का कुणीतरी?"

दोन्ही बाजू आम्ही तिघांनी ऐकल्या. एकाहून एक गाणी होती. एकही काढलेलं नव्हतं. कुकर नाही, खोकला नाही. आईनं सगळं शांतपणे ऐकलं. फक्त एकदा म्हणाली, "चाल बरी आहे याची." शेवटचं गाणं संपलं आणि टेपमधून तात्या बोलायला लागले.

"सुशे. ऐकू येतंय का? सगळी गानी ठिवल्यात बग, जावयांच्या आवडीची. एक बी काडलं न्हाई. त्यांना म्हनावं, मोठ्यानं लावा. मी यीन. कोपऱ्यात बशीन, कायबी बोलनार न्हाई. फकस्त पोरीला..."

खट्. टेप संपली होती. सगळी गाणी ठेवल्यावर तात्यांच्या वाट्याला अर्धं मिनिट उरलं होतं.

मला वाटलं होतं आपण हसू. बायको उठून आत गेली. आईनं डबा बंद केला आणि मला म्हणाली, "चल."

तात्या आपल्या दारातच उभे होते. त्यांच्या हातात आमची खरी कॅसेट होती. "गफलत झाली, आक्का. फलटनची तुमाला आली. मला आत्ताच कळलं." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ऐकलीसा?"

मी नाही म्हणणार होतो. आईला खोटं बोलायची सवय नाही. "ऐकली," ती म्हणाली. "दोन्ही बाजू."

तात्यांनी आम्हाला आत घेतलं. त्या चार खुर्च्या मांडलेल्याच होत्या. आम्ही दोघं बसलो.

"तुमचं बोलणं शेवटी तुटलंय," आई म्हणाली.

"ठावं हाय."

"मग एखादं गाणं काढा की. तुम्हाला त्यात काय अवघड? ते डाळिंबाचंच काढा. पाच मिनिटं मिळतील. लेकीशी नीट बोला."

तात्यांनी मान हलवली. "न्हाई आक्का. एक गानं बंद केलं त्यात चार वर्सं गेली. आता माज्या बोलन्यापायी बी काडायचं न्हाई."

"पण पुढं काय म्हणायचं होतं?"

"पोरीला जरा माज्या मांडीवर द्या." तात्या म्हणाले. "येवडंच हुतं."

मला अतिशय राग आला. जावयाचा, तात्यांचा, त्या सुशीलाचा, नक्की कुणाचा ते कळेना. आई पदरानं डोळे पुसत होती आणि मी मूर्खासारखा टेपच्या बटणांकडे बघत होतो.

तात्यांनी कॅसेटला जाड कागद गुंडाळला, दोरी बांधली. फौजी गाठ, नीटनेटकी. मग पुडकं माझ्यापुढं ठेवून पेन दिलं.

"पत्ता तेवडा तुमी लिवा, सायेब. माजं अक्षर जावयांना वळखू येतंय. उघडायचं न्हाईत."

त्यांनी सांगितला तसा मी फलटणचा पत्ता लिहिला. खाली डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव लिहायला लागलो आणि थांबलो.

"इथं तुमचं नाव घालू ना, तात्या?"

"नगं," ते म्हणाले. "तितं बी तुमचंच घाला."

मी माझं नाव घातलं.