सात जपानी गाण्यांचा तुलनात्मक तक्ता

माफीचं एक वाक्य बोलण्यापेक्षा एक आख्खं जपानी गाणं पाठ करणं सोपं, असं वडूजच्या हिंदुराव झिमल यांनी एका बुधवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. निर्णय तसा छोटाच होता. (सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत पाणीटंचाईच्या टेबलावर काढलेल्या माणसाला मोठे निर्णय घ्यायची सवय नसते. ते साहेब घेतात आणि बदलून जातात.)

झालं होतं असं की, हिंदुरावांची एकुलती एक लेक समीक्षा सांगलीत फार्मासिस्ट. तिचं लग्न माधवनगरच्या राजवर्धन काळेलशी जमलं. पंधरा दिवसांपूर्वी मंडळी घर बघायला गेली. घर झकास होतं. दारात गाडी, मागं यंत्रमागाची शेड, आणि व्याही वीरधवल काळेल म्हणजे सहा फूट उंच, मिशांना पीळ, आवाज असा की माग बंद पडावेत. सगळं जुळून आलेलं असताना हिंदुरावांची नजर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडं गेली. आत चाळीसएक बाहुल्या उभ्या होत्या. कुणाचे केस निळे, कुणाच्या हातात अंगापेक्षा मोठी तलवार.

"ही काय जत्रा मांडलीया?" हिंदुराव खो खो हसले. "घरात बारकं पोर हाय व्हय कोन?"

कुणीच हसलं नाही. वीरधवलरावांनी खाकरून मिशीला हात लावला, राजवर्धननं मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि समीक्षानं बापाकडं असं पाहिलं की हिंदुरावांना पुढचे पोहे गिळवेनात. जपानी कार्टूनमधली ती मंडळी आहेत आणि त्या प्रकाराला ॲनिमे म्हणायचं, हे त्यांना गाडीत बसल्यावर कळलं. जावई दुखावला हेही त्यांचं त्यांनीच ओळखलं. त्या दिवसापासून समीक्षा फोनवर दोन वाक्यं बोलायची आणि ठेवून द्यायची. बाप लेकीच्या आवाजाला आसुसला होता, पण विचारायचा धीर होत नव्हता.

"आवं, सरळ फोन करा पावण्यास्नी," पत्नी आक्काताई म्हणाल्या. "चुकलं म्हना. जीभ काय झिजती का?"

"मी मुलीचा बाप हाय."

"म्हनूनच म्हंते."

तेवढ्यात समीक्षाचाच फोन आला. साखरपुड्यात जेवणानंतर गाण्यांचा कार्यक्रम होता आणि दोन्हीकडच्या पुरुषांनी एकेक गाणं म्हणायचं होतं. "पप्पा, तुम्ही ॲनिमेतलं म्हणा. राजवर्धनचे सगळे मित्र त्यातलेच आहेत. आख्खा हॉल उठला पाहिजे असं काहीतरी निवडा. एवढं माझ्यासाठी करा." आणि तिनं घाईनं फोन ठेवला. पाठोपाठ मोबाईलवर सात गाणी आली.

ही शिक्षा आहे, हिंदुरावांनी ताडलं. आणि शिक्षा भोगली की माफी मागायची गरज उरत नाही, हेही ताडलं.

ऑफिसात त्यांनी कोरा कागद घेऊन तुलनात्मक तक्ता आखला. गाणं क्रमांक, पुरुषांना झेपेल का, लोक टाळ्या वाजवतील का, शेरा. शिपाई तानाजीला समोर बसवून एकेक गाणं वाजवलं. पहिल्यात गाणारा सुरुवातीलाच एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरच्या बाई काय झालं म्हणून धावत आल्या. शेरा : रक्तदाब. दुसरं फार संथ होतं. ते घरी लावलं तर आक्काताईंनी पदर डोळ्याला लावला. "कोन गेलं वं ह्येंच्यातलं?" शेरा : शुभकार्यास अयोग्य. तिसऱ्यात शब्द मळणीयंत्रातून पडल्यासारखे येत होते. चौथं बाईच्या आवाजातलं, ते हिंदुरावांनी करून पाहिलं तेव्हा तानाजी पाणी आणायला म्हणून गेला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत आला नाही.

"सायेब, पाचवं घ्या," तानाजी म्हणाला. "त्यात मधी मधी ओ ओ ओ हाय. तेवढं तरी लोकास्नी म्हनता येतंय."

"पन हे हाय कशाबद्दल?"

"लडाई आसंल. न्हाईतर पिरेम. दुसरं काय आसतंय गान्यात?"

हिंदुरावांचा गोंधळ वाढतच गेला. पाचव्या गाण्याचा व्हिडिओ त्यांनी अकरा वेळा पाहिला. त्यात एक पोरगा धावत होता, मग आभाळात उडत होता, मग जेवत होता. शेवटी त्यांनी पाचव्यावर 'शिफारस' लिहिलं, ते शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि आठ दिवस न्हाणीघरात घोकले. गाणं दीड मिनिटाचंच होतं, तेवढी एक दया.

अडचण अशी आली की साखरपुड्याला गावाकडून चुलते आकारामनाना आले. नानांची धनगरी ओवी खटाव-माणात नावाजलेली. हिंदुराव एकटेच गाणार म्हटल्यावर नानांचा जीव कळवळला.

"एकट्यानं गायाचं म्हंजी काय रं गड्या? झील कोन धरनार?"

"नाना, ह्ये जपानी हाय."

"जपानात मानसं मुकी आसत्यात व्हय?"

ओवीत म्होरक्या ओळ सोडतो आणि मागचे झीलकरी तिचे शेवटचे शब्द उचलून धरतात. म्होरक्या थांबला तरी झील थांबत नाही, पुढची ओळ येईपर्यंत ती फिरत राहते. हिंदुरावांनाही वाटलं की पाठीशी चार आवाज असलेले बरे. नानांनी गावाकडचे दोन गडी सोबत घेतले, तिघांनी ते ओ ओ ओ दोनदा ऐकलं आणि म्हणाले, जमलं.

माधवनगरच्या हॉलमध्ये जेवणं उरकली आणि हिंदुराव माईकपुढं उभे राहिले. मागं पटके बांधलेले तीन झीलकरी. संगीत सुरू झालं आणि काय आश्चर्य, शब्द ओळीनं बाहेर पडू लागले. राजवर्धनचे मित्र खुर्च्यांवरून उठले. नानांनी कानावर हात ठेवून ओ ओ ओ असं लांबवलं की ते जपानातही कुणी लांबवलं नसेल. हॉल उठला. समीक्षा हसत होती, बऱ्याच दिवसांनी, आणि हिंदुरावांचा ऊर भरून आला.

दीड मिनिटानं संगीत थांबलं. झील थांबली नाही.

नानांचे डोळे मिटलेले होते. ओ ओ ओ फिरून आलं. राजवर्धनच्या मित्रांनीही ते उचललं. हिंदुरावांनी मागं वळून हातानं खुणा केल्या, पण डोळे मिटलेल्या माणसाला खुणा कुठून दिसणार? झील तिसऱ्यांदा फिरून आली तेव्हा नानांनी एक डोळा उघडला. "सोड की म्होरली."

म्होरली ओळ नव्हतीच. हिंदुरावांच्या डोक्यातलं जपानी पार संपलं होतं. दोनशे माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग इतके दिवस पोटात अडकलेलं जे होतं तेच वर आलं, आणि तेही ओवीच्या चालीत.

"माधवनगरच्या घरामंदी कपाट काचेचं,
त्यात हुबं बाहुलं बाई निळ्या केसाचं,
बघून त्याला भर बैठकीत येड्यावानी हसलो..."

"येड्यावानी हसलो," नानांनी इमानेइतबारे झील धरली. "येड्यावानी हसलो," दोन्ही गडी म्हणाले. "येड्यावानी हसलो," आख्खा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू लागला.

"राग नगा धरू पावनं, लेकीकडं बघून..."

पण लोकांना ही ओळ नकोच होती. त्यांना आधीचीच पाहिजे होती. आणखी चार वेळा दोनशे माणसांनी हिंदुरावांचा गुन्हा हिंदुरावांना ऐकवला, तेव्हा कुठं नाना दमले.

राजवर्धन पुढं आला. तो पुरता गोंधळलेला दिसत होता. "पप्पा, कुठल्या बाहुल्या? कपाटातल्या? त्या माझ्या नाहीत."

"मग कुनाच्या?"

राजवर्धननं वडिलांकडं पाहिलं. समीक्षानं कपाळाला हात लावला. हळूहळू सगळा हॉलच वीरधवलरावांकडं बघू लागला. यंत्रमागवाल्यांचे पुढारी, मिशांना पीळ, आणि कान लालबुंद.

"मामंजींनी शपथ घातली होती," समीक्षा बापाच्या कानात पुटपुटली. "ते पाहुण्यांना त्या बाहुल्या पोराच्याच आहेत म्हणून सांगतात. ॲनिमेचं गाणं त्यांनाच ऐकायचं होतं. माझ्या तोंडून निघून जाईल म्हणून मी फोन लवकर ठेवत होते."

जावयाच्या माफीपायी हिंदुरावांनी व्याह्याची अब्रू दोनशे लोकांत चव्हाट्यावर मांडली होती. लग्न मोडलं तर ते या एका ओवीनं मोडणार होतं. वीरधवलराव उठले. एकेक पाऊल टाकत स्टेजवर आले.

"चुकलं पावनं," हिंदुराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि जीभ खरंच झिजली नाही.

वीरधवलरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "वीस वरसं चोरून बघतोय ओ," ते म्हणाले. "बरं झालं, एकदाचं बाहेर पडलं. आता उजळ माथ्यानं बघीन." मग त्यांनी माईक हातात घेतला, पाचवं गाणं, त्या दीड मिनिटात नसलेल्या मधल्या दोन कडव्यांसकट, न अडखळता म्हटलं, आणि मागं आकारामनानांनी अशी झील धरली की सांगलीकरांनी पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लावलं. हिंदुराव स्टेजच्या कडेला सगळ्यांचे मोबाईल सांभाळत उभे होते.

निघताना वीरधवलरावांनी त्यांना गाडीपाशी बाजूला घेतलं.

"व्याही, लग्नातबी आपला कार्यक्रम पायजे. मी आन नाना म्होरं गातो. तुमी मागं झील धरा."

"पन मला एवढं जपानी पुन्हा पाठ..."

"जपानी कशाला?" वीरधवलराव प्रेमानं म्हणाले. "तुमाला दोनच शब्द हायेत. आन ते आता टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्या सांगलीला पाठ झाल्यात."