डब्याले जवाब देनारे सत्तारभाऊ

सत्तारभाऊले तुम्ही काईबी सांगा, ते "पोचलं" म्हनत. अन त्याइनं सांगतल्यावर तुम्ही "पोचलं" नाई म्हनलं, तं तेच वाक्य पुन्हा. चहाटपरीवाला नुसती मुंडी हालवून गप राह्यला, की याइचं सुरूच. "दोन कट. दोन कट. दोन कट." एकदा त्या बिचाऱ्यानं अख्खी किटली ओतून देल्ली.

हा रोग त्याइले मशीनपासून लागला. आमी दोघं चंद्रपुरात अलारमच्या कंट्रोल रूमात कामाले. दुकानात चोर घुसला, की तिथली घंटी फोनच्या तारेवरून आमच्या रिसीव्हरच्या डब्याले सांगे, डबा कंप्युटरले सांगे. कंप्युटरनं उलटून "पोचलं" नाई म्हनलं, तं डबा बोंबलतच राहे. कंप्युटरवरून डब्याले कोनते हुकूम सोडाचे, ते समदं सत्तारभाऊच्या बोटात. त्यातला एक हुकूम "जित्ता हायेस का" इचाराचा. तो हुकूम ते मलेबी सोडत. खुर्चीत जरा डोळा लागला, की "काऊन बे, जित्ता हायेस का?"

मी तिसरी नापास. कंट्रोल रूम म्हनजे पंखा असलेली जागा, एवढंच मले समजे. दसऱ्याले मी डब्याले हळद-कुंकू लावलं, फूल वाह्यलं अन वरून तांब्यातलं पानी शिंपडलं. डबा असा बोंबलला, जसे काई चंद्रपुरातल्या समद्याच दुकानात चोर घुसले.

"पूजा केली ते बरं केलं," सत्तारभाऊ डबा पुसत म्हनले, "पन आंघोळ कायले घातली बे?"

दर दुकानाची घंटी रोज एकदा आपसूक "ठीक हाये" कळवे. आरमोरीच्या एका कापड दुकानाची खबर दुपारी ये. ते दुकान सत्तारभाऊच्या धाकट्या भावाचं, रशीदचं. घराच्या वाटनीवरून दोघाइचं बोलनं बंद. पन ती खबर आल्याबिगर सत्तारभाऊ जेवत नसत.

एका पावसाळ्यात एक दिवस ती आलीच नाई. त्याइनं डब्याले हुकमावर हुकूम सोडले. काईच नाई.

"फोन लावा ना भाऊ."

"लावला. फोन मेला हाये."

"तार तुटली असन."

"असन," म्हनले, अन चप्पल घातली. "चाल."

ड्यूटी दुसऱ्याच्या गळ्यात घातली अन यस्टीनं संध्याकाळी आरमोरीले पोचलो. रशीद ठणठणीत! गिऱ्हाइकाले लुगडं दाखवून राह्यला होता. सत्तारभाऊ पायरीवरच मटकन बसले. रशीदनं पाह्यलं, पन बोलला माह्याशी.

"याइले इचार, काऊन आले?"

"त्याले सांग, तार पाह्याले आलो."

"याइले सांग, तार टेलिफोनवाले जोडतीन. इतके सुकले काऊन? जेवून जा म्हन."

"त्याले सांग, भूक नाई."

दोघं हातभर अंतरावर अन मधात मी वायर. इकडचं तिकडं सांगता सांगता मी गोंधळलो. सत्तारभाऊले भूक नाई, हे मी सत्तारभाऊलेच सांगून बसलो. दोघंबी एकदमच फसकन हासले. मंग दोघाइनं माना फिरवल्या.

निघालो तं धो धो पानी. रशीदनं दुकान तसंच उघडं टाकलं अन सत्तारभाऊच्या डोक्यावर छत्री धरली, थेट यस्टी स्टँडापावेतर. सोता चिंब भिजला. शब्द नाई बोलला. सत्तारभाऊबी हळूहळू चालत राह्यले, रस्ता लवकर सरू नाई म्हनून.

मी मांगून भिजत. वायरीवर कोन छत्री धरते!