सहाव्या बटणावरचा सामना

आर्डिस ऑस्टरगार्डनं नवऱ्याला, वेंडेलला, गाडीत उपग्रहाचा रेडिओ बसवायला परवानगी दिली, पण एका अटीवर. "रविवारी चर्चच्या वेळेला तो डबा बोलता कामा नये. एवढं पाळणार असशील तर घे. नाहीतर बस आपला टेकडीवर जाऊन."

टेकडीचं खरंच होतं. नेब्रास्काच्या त्या पश्चिम टोकाला साध्या रेडिओची लहर अशी लहरी, की कॅन्सस सिटीच्या लाडक्या संघाचा बेसबॉलचा सामना रंगात आला रे आला की घरघर सुरू. मग वेंडेल आपली जुनी ब्यूक गाडी काढून गावाबाहेरच्या टेकडीवरच्या दफनभूमीत जाई आणि तिथल्या शांत मंडळींच्या संगतीत शेवटचे डाव ऐके. एकदा तो सूर्यास्तापर्यंत आला नाही, तेव्हा आर्डिसनं शेजारच्या हार्लनला बघायला पाठवलं. हार्लनही परत आला नाही. सामना लांबला होता.

दुकानात दोन तऱ्हेचे रेडिओ होते. एक गाडीचा पुढचा सगळा भाग उकलून आत बसवायचा. दुसरा नुसता काचेला चिकटवायचा. त्याच्या अँटेनाची चपटी टिकली टपावर लोहचुंबकानं बसायची, वायर दाराच्या रबराखालून आत यायची, आणि आकाशातून आलेला आवाज हा डबा गाडीच्या रेडिओवरच्या एखाद्या केंद्र नसलेल्या, रिकाम्या आकड्यावर सोडायचा.

"आतला घ्या, काका. आवाज स्वच्छ येतो," दुकानदार म्हणाला. "हा बाहेरचा जरा मोकाट आहे. शेजारच्या गाडीतसुद्धा ऐकू जातो."

"माझ्या गाडीच्या पोटात कुणी हात घालायचा नाही," वेंडेल म्हणाला. "आणि आमच्याकडे शेजारी गाडी असतेच कुठे? हा बाहेरचाच द्या."

बसवताना त्यानं माहितीपुस्तक उघडलं नाही. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर यंत्रं हाकलेला माणूस, त्याला कोण शिकवणार! रिकामा आकडा शोधताना मात्र त्याची चंगळ झाली. त्या भागात बहुतेक आकडे रिकामेच. एकावर अगदी शुकशुकाट होता, तो त्यानं धरला. तो आकडा दर रविवारी तासाभरासाठी जागा होतो आणि आठवडाभर झोपतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कारण त्याच्या लेखी रेडिओवरचं चर्च म्हणजे आकडा नव्हताच, ते 'सहावं बटण' होतं. गाडीची बटणं आर्डिसनं लावलेली. पहिलं हवामान, दुसरं धान्याचे भाव, सहावं चर्च. बायकोला एका शब्दानं विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण यंत्राबद्दल बायकोला विचारायचं म्हणजे!

चर्च रेडिओवर यायचं कारण असं, की वसंतात गारपिटीनं चर्चचं छप्पर खाली आलं होतं. तेव्हापासून कोठाराच्या मोकळ्या आवारात उपासना चाले. लोक आपापल्या गाडीत बसत. पुढे एका सपाट ट्रेलरवर पास्टर ब्रिटा उभ्या राहत, बाजूला आर्डिस पियानोची पेटी वाजवी, आणि एका छोट्या यंत्रातून प्रवचन गाड्यांच्या रेडिओवर येई. पटलं की 'आमेन' म्हणायच्या ऐवजी हॉर्न वाजवायचा, असं ठरलं होतं. पण ही मंडळी लुथेरन पंथाची, म्हणजे अबोल. चार भिंतींच्या आत कधी मोठ्यानं आमेन न म्हटलेली माणसं उघड्यावर हॉर्न काय वाजवणार? पास्टरबाई बिचाऱ्या दर वाक्यानंतर थांबत, आशेनं बघत, आणि दूर कुठेतरी एखादी गाय हंबरे.

त्या रविवारी तर प्रवचनानंतर मत द्यायचं होतं. नवं छप्पर घालून चर्च चालू ठेवायचं, की कुलूप लावून लांबच्या मोठ्या गावातल्या चर्चमध्ये सामील व्हायचं? कुलूप लागलं तर ब्रिटाबाई जाणार आणि आर्डिसची पेटीही बंद. तिनं तसं बोलून दाखवलं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी ती सगळी भजनं एकदा वाजवून बसली होती, आणि वेंडेलला जेवण गेलं नव्हतं.

आर्डिस ट्रेलरवर चढली. वेंडेलनं गाडी मधोमध लावली, इंजिन बंद केलं, उकडत होतं म्हणून पंखा चालू ठेवला आणि भक्तिभावानं सहावं बटण दाबलं.

"दोघं धावपटू तळांवर, कॅन्सस सिटी दोन धावांनी मागे, आणि आता फलंदाज..."

वेंडेल दचकला. किल्ली फिरवताच डबाही जागा झाला होता. बंद करायला त्यानं हात पुढे केला, तो वाटेतच थांबला. आपण तर चर्चचंच बटण दाबलं ना? अट मोडली असेल तर डब्यानं मोडली. या फलंदाजाचं काय होतंय तेवढं बघावं आणि मग बंद करावं.

ट्रेलरवर पास्टरबाई बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट सांगत होत्या. मुलगा घराकडे निघाला, बापानं त्याला लांबून पाहिलं आणि तो धावत सुटला, इथवर त्या आल्या. त्यांनी दोन्ही हात पसरले. त्याच क्षणी तिकडे चेंडू कुंपणापार गेला आणि वेंडेलनं न राहवून हॉर्न दाबला.

साऱ्या आवारानं हॉर्न दाबला.

पास्टरबाईंचे हात पसरलेलेच राहिले. आर्डिसनं पेटीवरून मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला, की वेंडेललाही वाटलं, गोष्ट फारच चांगली सांगितली असणार. मग शेजारी हार्लनच्या ट्रकच्या उघड्या खिडकीतून त्याला तोच निवेदक, तेच ओरडताना ऐकू आला. पलीकडच्या गाडीतूनही. हार्लन समोर बघत होता. त्याच्या तोंडावर असा भाव होता, जणू हे पाप जगात फक्त त्याच्या एकट्याच्या रेडिओनं केलं आहे.

आपल्या मोकाट डब्यानं चर्चचाच आकडा धरलाय, हे वेंडेलच्या ध्यानात आलं. त्यानं डब्याची पिन उपटली.

गाड्यांच्या रेडिओवर प्रवचन सुरू झालं आणि आवारावर अवकळा पसरली. हार्लन रेडिओला चापट्या मारू लागला. पास्टरबाई एका वाक्यात अडखळल्या, थांबल्या, तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. एक हॉर्न नाही. त्यांचा चेहरा उतरला. आर्डिसची बोटं पेटीवर आक्रसली. आता घटकाभरात मत द्यायचं आणि सगळं असं थंड! वेंडेलला ते बघवेना. बायकोला दिलेला शब्द एकीकडे आणि बायको एकीकडे. त्यानं डोळे मिटले आणि पिन परत खोचली.

"तिन्ही तळ भरलेले! समोरच्यांचा शेवटचा गडी..."

पास्टरबाईंच्या आवाजात जीव आला. गाड्या टवटवीत झाल्या. बापानं मुलाला छातीशी धरलं, गडी बाद झाला, कॅन्सस सिटी जिंकलं, आणि आवारात असा गजर उठला की कोठारावरची कबुतरं सगळी उडाली.

वेंडेलनं पिन काढली आणि डबा आसनाखाली सारला.

त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं. पास्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला होता. "छप्पर पडलं तेव्हा मला वाटलं, आता कोण येतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात. उकाड्यात, वाऱ्यात, धुळीत आलात. हॉर्न वाजो न वाजो, तुम्ही समोर असता याचा मला फार आधार वाटतो. चर्च राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी दिवे लावा."

 आधी हार्लनचा एक दिवा लागला, दुसरा गेल्या हिवाळ्यापासून फुटलेला. मग त्याच्या पुढचे, मागचे, कडेचे. भर दुपारी सगळं आवार दिव्यांनी भरलं.

आर्डिस डोळे पुसत एकेक गाडी बघत होती. बघता बघता तिची नजर मधोमध अडकली. एकच गाडी अंधारी होती. ब्यूक.

वेंडेल दिव्यांचं बटण ओढत होता, ढकलत होता. पंखा, रेडिओ आणि डबा यांनी मिळून म्हाताऱ्या बॅटरीचा निकाल लावला होता. त्यानं हॉर्न दाबला. तोही नाही. शेवटी तो दार उघडून बाहेर आला, टोपी काढली आणि सगळ्या गावासमोर शाळकरी मुलासारखा हात वर करून उभा राहिला.

आर्डिस ट्रेलरवरून उतरून तरातरा आली. "सगळ्या गावाचे दिवे लागले. माझ्याच नवऱ्याचा नाही?"

"बॅटरी गेली गं. मत दिलंय मी. हा बघ हात."

"चर्चमध्ये बसून बॅटरी जाते कशी?"

 पास्टरबाईही मागून येऊन पोचल्या. हार्लन मदतीला धावला. त्याची काही चूक नाही, शेजाऱ्याची गाडी बंद पडली की तो वायरी घेऊन धावणारच. गाडीत शिरायच्या धडपडीत त्याच्याच पायानं डबा आसनाखालून बाहेर आला. पडलेली पिन बघून हार्लननं ती जागच्या जागी खोचली, मग वायरी जोडल्या आणि किल्ली फिरवली.

"काय सामना, मंडळी, काय सामना!" एकेका गाडीतून, पुढून, मागून, कडेनं, निवेदक एकदमच ओरडला.

आर्डिसनं सभोवार पाहिलं. कुणालाच नवल वाटलं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या बुटांकडे बघत होता.

"चूक माझी आहे," वेंडेल पुटपुटला. "पास्टरबाई, पहिल्यांदा ते आपोआप झालं. दुसऱ्यांदा मात्र मी मुद्दाम लावलं. तुमचा चेहरा उतरला, ते मला बघवलं नाही."

ब्रिटाबाईंनी केसांआडून कानातली बारीक वायर काढली. "माझा आवाज नीट जातोय का, ते कळावं म्हणून मी छोटा रेडिओ ठेवते," त्या म्हणाल्या. "चेहरा उतरणार नाही तर काय! ऐन शेवटच्या डावात बंद केलंत तुम्ही. मी गोष्टीत कुठे होते तेच विसरले."

हार्लन हसायला लागला. पाठोपाठ सगळेच हसले. आर्डिस मात्र हसली नाही. तिच्या पेटीपाशी रेडिओ नव्हता.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "अख्ख्या आवारात ती गोष्ट मी एकटीनं ऐकली?"

"हो," पास्टरबाई ओशाळून म्हणाल्या. "कशी झाली?"

आर्डिसनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात अजून वरच होता. तो तिनं धरून खाली घेतला आणि आपल्या हातातच ठेवला.

"चांगली झाली," ती म्हणाली. "मध्ये जरा रेंगाळली."